ओझे कोणाच्या खांद्यावर?
(पहिल्या पायी वारीला निघणाऱ्यांसाठी)



ज्येष्ठ महिना जवळ येऊ लागला की सानपाडा व आसपासच्या वसाहतींतील बंधुभगिनी मंदिराच्या सभामंडपात येऊन एक प्रश्न हमखास विचारतात. "यंदा प्रथमच पायी वारी करावयाची आहे. सोबत काय काय घ्यावे?" येथील अनेक कुटुंबांचे मूळ गाव सातारा, सांगली, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांत आहे. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, आजी एकादशी करीत असे. वारी घराला नवी नव्हती. पुढील पिढी पोटापाण्यासाठी मुंबईत आली, तेथून खाडी ओलांडून नवी मुंबईत आली आणि वाट मध्येच तुटली. ती पुन्हा जोडावयास निघालेल्या भाविकाच्या हातात बहुधा एक कागद असतो व त्यावर सामानाची यादी असते.

प्रश्न साधा आहे. तथापि त्याचे उत्तर देऊ लागले की त्यातून दुसरा, अधिक अवघड प्रश्न पुढे येतो. देवाच्या वाटेवर निघालेल्याचे ओझे कोणी वाहावे? त्याने स्वतः, देवाने, की आणखी कोणी? या लेखात प्रथम व्यवहाराचे सांगून मग या प्रश्नाकडे वळू.

वाट आणि सामान

श्रीसंत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून आणि श्रीज्ञानेश्वर माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान ठेवते. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर असून ते अठरा-एकोणीस दिवसांत चालावयाचे असते. माउलींच्या वाटेवर पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव व वाखरी ही मुक्कामाची प्रमुख गावे होत. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढावा लागतो. त्या दिवशीची वाटचाल सुमारे तीस किलोमीटरची आहे आणि नवख्या वारकऱ्याची खरी परीक्षा तेथेच होते.

सानपाड्याची भूमी सखल. पाम बीच मार्गाच्या कडेने नेरूळपर्यंत पहाटे चालून पायांना सवय होईल, पण चढाची होणार नाही. त्यासाठी आपल्या इमारतीचा जिना उपयोगी पडतो. निघण्यापूर्वी किमान सहा आठवडे रोज चालावे आणि आठवड्यातून एकदा सलग तीन-चार तास चालावे. जी चप्पल वा जे बूट वारीत घालावयाचे, तेच या सरावात वापरावे. नवे पादत्राण घालून वारीला निघू नये.

सामान थोडके असावे. दोन-तीन सुती कपडे, पंचा, पांघरूण, अंथरण्यास जाड प्लॅस्टिकचा कागद, पावसासाठी छत्री किंवा अंगावर घेण्याचा कागद, ताट, तांब्या, पेला, विजेरी, सुईदोरा, दोरी, पायांना लावण्यास खोबरेल तेल, ओळखपत्र, थोडे सुटे पैसे. नित्याची औषधे वीस दिवस पुरतील एवढी घ्यावीत व डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. जोखमीचे दागिने घरी ठेवावेत. दिंडीत नाव नोंदवून भिशी भरली की मुक्कामाचा तंबू व दोन वेळचे जेवण यांची सोय दिंडी करते. वळकटी व मोठी पिशवी दिंडीच्या ट्रकमधून पुढच्या मुक्कामी जाते. चालताना खांद्याला लहानशी झोळी पुरते.

दोन मते

यादी पाहून भाविकांत दोन मते पडतात. एक मत असे की, पांडुरंगावर भार टाकून निघालेल्याला यादी कशाला? ज्याने बोलावले तो सांभाळील. रिकाम्या हाताने जाणे हीच खरी भक्ती. दुसरे मत असे की, मनुष्याने आपली सर्व तजवीज आपण करावी. वीस दिवसांत कोणापुढे हात पसरण्याची वेळ येऊ नये. स्वावलंबन हाही धर्मच होय.

दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्हींत एक चूकही आहे. रिकाम्या हाताने निघालेला मनुष्य उपाशी राहत नाही हे खरे. परंतु त्याला भाकरी मिळते तेव्हा ती पहाटे उठून कोणा माउलीने थापलेली असते. त्याला पांघरूण मिळते तेव्हा दुसऱ्या कोणाचे पांघरूण अर्धे झालेले असते. देव सांभाळतो, पण तो माणसांच्या हातांनी सांभाळतो आणि ते हात दुखतात. जी गोष्ट आपणांस आधी दिसत होती, आणता येत होती, ती न आणता देवाच्या नावावर टाकणे म्हणजे ती शेजाऱ्याच्या खांद्यावर टाकणे होय.

उलट, सर्व काही बरोबर घेणारा तरी आपले ओझे स्वतः कोठे वाहतो? त्याची जड पिशवी रोज पहाटे कोणीतरी ट्रकमध्ये चढवितो आणि सायंकाळी उतरवितो. शिवाय ज्याला कोणाकडून काहीच घ्यावयाचे नाही, त्याला कोणी काही देऊ शकत नाही. वाटेवरच्या गावांत लोक वारकऱ्यांचे पाय चेपण्यासाठी, चहापाणी देण्यासाठी तिष्ठत असतात. ते नाकारणाऱ्याचे स्वावलंबन पुष्कळदा अभिमानच असते.

एक अनुभव

येथे स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाने २००३ साली पहिली वारी केली. महिनाभर आधीपासून तयारी चालली होती. बाजारातून आणलेल्या वस्तूंची घरात रास पडली होती. पिशवी भरून वजनकाट्यावर ठेवली तेव्हा ती चौदा किलो भरली आणि त्याचे मला कौतुकच वाटले. बूटही नवे कोरे घेतले होते. दिवे घाटात त्यांनी आपला गुण दाखविला. सासवडला पोहोचेतो दोन्ही टाचांना फोड आले होते.

आमच्या दिंडीत तुर्भे येथील घाऊक बाजारात काम करणारे एक माथाडी कामगार होते. वर्षभर गोण्या वाहणारा हा गृहस्थ सुटी घेऊन वारीला येई आणि येथेही सामान चढविण्या-उतरविण्याची सेवा आपण होऊन घेई. सासवडच्या मुक्कामी माझी पिशवी उचलताना ते क्षणभर थांबले. मी ओशाळून म्हणालो, "पुढच्या वर्षी ओझे कमी करीन." ते हसून म्हणाले, "माउली, ओझं कमी होत नसतं. तुमच्या पाठीवरचं उतरलं, की कुणाच्या तरी पाठीवर चढलेलं असतं. आम्हांला ते रोज कळतं, म्हणून सांगतो."

हा मनुष्य सहज बोलला नव्हता. माथाडी, हमाल यांच्या श्रमाला संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्रात १९६९ साली झाला. तोवर माल ज्याचा, तो बाजूला उभा आणि भार ज्याच्या माथ्यावर, त्याचे नाव कोणत्याच वहीत नाही अशी स्थिती होती. ओझे कोणाचे आणि वाहतो कोण, हा प्रश्न त्यांच्या पिढीने बाजारात विचारला होता. त्यांनी तो मला वारीत विचारला.

तरीही त्यांच्या बोलण्याचा पूर्ण अर्थ मला तेव्हा कळला नाही. माझी आई त्या काळी अंथरुणाला खिळलेली होती. तिचे सर्व करणे माझ्या पत्नीकडे होते. वाटेत जेथे दूरध्वनी मिळे तेथून मी घरी विचारपूस करी आणि प्रत्येक वेळी "सर्व ठीक आहे, तुम्ही काळजी करू नका," हेच उत्तर येई. मी निर्धास्त होऊन भजनात रमलो. पंढरपूरला पोहोचलो, चंद्रभागेत स्नान केले. दर्शनाची रांग फार लांब होती म्हणून कळसाचे दर्शन घेऊन समाधान मानले. अडीचशे किलोमीटर आपण आपल्या पायांनी चाललो, ही धन्यता घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर शेजारच्या मावशींकडून कळले की, मी गेल्यानंतर पाचव्या रात्री आई पलंगावरून खाली पडली होती. पत्नीने मावशींना हाक मारली आणि दोघींनी मिळून आईला उचलले. पुढे आठ दिवस पत्नीची कंबर दुखत होती. मी विचारले, "मला कळविले का नाही?" ती म्हणाली, "तुमची वारी मोडली असती."

माझ्या यादीत चौदा किलोचा हिशेब होता. आईच्या वजनाचा नव्हता.

पुंडलिक कोण होता?

पंढरपूरला जो देव उभा आहे तो तेथे का उभा आहे, ही कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. पण तिचा आरंभ आपण फारसा आठवत नाही. कथा सांगते की, पुंडलिक प्रथम मातापित्यांचा अवमान करणारा होता. तो काशीयात्रेस निघाला तेव्हा वृद्ध आईबाप कष्टत पायी चालत होते आणि तो स्वतः सुखाने जात होता. म्हणजे पुंडलिकाचे पाप घडले तेही यात्रेच्याच वाटेवर. वाटेत कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. तो परत फिरला आणि आईवडिलांच्या सेवेत असा बुडाला की प्रत्यक्ष देव दाराशी आला तेव्हा त्याने वीट पुढे केली आणि थांबावयास सांगितले. देव रागावला नाही. तो थांबला, आणि अजून उभा आहे.

या कथेवरून कोणी असा निष्कर्ष काढील की, घरी म्हातारे माणूस असेल त्याने वारीला जाऊच नये. ज्याला घरची व्यवस्था लावणे खरोखर अशक्य आहे, त्याने त्या वर्षी थांबावे हे योग्यच. देव थांबलेल्यांसाठीच उभा आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी सोहळा होऊ शकला नाही, पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या आणि लक्षावधी वारकऱ्यांनी घरीच एकादशी केली. त्यांची निष्ठा त्यामुळे उणी झाली असे कोणी म्हणत नाही.

परंतु हा निष्कर्ष सरसकट लावला तर त्यातून एक अन्याय निर्माण होतो. घरोघरी सेवा करणारी व्यक्ती बहुधा एकच असते आणि बहुधा ती घरातील स्त्री असते. "पुंडलिकाने सेवा केली, तू घरी सेवा कर, तीच तुझी वारी," असे तिला सांगणे फार सोपे आहे. सांगणारा मात्र पिशवी खांद्याला लावून निघालेला असतो. पुंडलिक सून नव्हता. तो मुलगा होता. ज्याने निघावयाचे होते त्यानेच थांबून सेवा केली, हे त्या कथेचे मर्म आहे. आपण थांबून दुसऱ्याला जाऊ देणे हा पुंडलिकाचा धर्म. दुसऱ्याला थांबवून आपण जाणे आणि त्याच्या थांबण्याला पुंडलिकाचे नाव देणे, हा तो धर्म नव्हे.

पुढील वर्षी, २००४ साली, पत्नी वारीला गेली आणि मी घरी राहिलो. तिची पिशवी पाच किलोची होती. महामार्गावर पुण्याची गाडी येईपर्यंत ती मी धरून उभा होतो. पुढच्या वीस दिवसांत मला पुष्कळ गोष्टी प्रथमच कळल्या. आईला रात्री दोन-दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, तिला पाणी चमच्याने पाजावे लागते, तिची चादर तिला न उठविता कशी बदलावयाची, हे मी त्या घरात राहूनही कधी पाहिले नव्हते. भिंतीवर पालखीच्या मुक्कामांचा कागद लावला होता. रोज दिवेलागणीला आई विचारी, "आज ती कुठवर पोचली?" मी सांगे, आज वाल्हे, आज लोणंद, आज फलटण. गावाचे नाव ऐकले की ती हात जोडी आणि मग डोळे मिटी. पत्नी परतल्यावर मी हे तिला सांगितले. ती म्हणाली, "गेल्या वर्षी तुमच्याबद्दलही रोज विचारत होत्या." मला ते ठाऊक नव्हते, कारण दूरध्वनीवर मी तसे कधी विचारलेच नव्हते.

न दिसणारे सामान

घराप्रमाणेच वाटेवरही आपण काही ओझी ठेवीत जातो. लक्षावधी माणसे एखाद्या लहान गावात एक रात्र राहून पुढे जातात, तेव्हा मागे राहिलेला कचरा, उष्टे अन्न, शेताच्या बांधावरील घाण त्या गावाला पुढे कित्येक दिवस आवरावी लागते. अलीकडे फिरत्या शौचालयांची सोय होऊ लागली आहे. तिचा वापर करणे, पत्रावळ व द्रोण जागेवर न टाकणे, पाण्याचा नळ बंद करणे ही किरकोळ शिस्त नाही. ज्या गावाने आपणांस भाकरी दिली, त्याच्या खांद्यावर आपण काय ठेवून जातो, त्याचा हा प्रश्न आहे.

आणखी एक सामान असे की जे ट्रकमध्ये दिसत नाही. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच दिंडीत, एकाच नामघोषात चालणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे पाहून त्यांना झालेले दुःख त्यात नोंदलेले आहे. पंढरपूरच्या मंदिराचे दार दलित बांधवांसाठी उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. काळ पुष्कळ बदलला आहे. तरी वारीला निघताना प्रत्येकाने आपली वळकटी एकदा सोडून पाहावी आणि त्यात आपल्या मोठेपणाचे, पदाचे, जातीचे काही घडी करून ठेवलेले नाही ना, याची खात्री करून घ्यावी. असल्यास ते घरीच ठेवावे. त्याचे वजन नेहमी दुसऱ्याला लागते.

निघण्यापूर्वी

तेव्हा पहिल्या वारीला निघणाऱ्या भाविकांना विनंती अशी की, सामानाच्या यादीबरोबर एक दुसरी यादी करावी. मी नसताना माझे कोणते काम कोण करणार आहे, त्यांची नावे त्या यादीत लिहावीत. घरातील वृद्ध, आजारी, लहान मुले यांचे कोण पाहील. कार्यालयात माझ्या वाटणीचे काम कोणाकडे जाईल. अडचण आल्यास कोणता शेजारी धावून येईल. त्या प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटून विचारावे, गृहीत धरू नये. "जाऊ का?" असे विचारताना "नाही" हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. आपण परतल्यावर त्यांच्यापैकी कोणाला कोठे जावयाचे आहे, हेही विचारून ठेवावे.

मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांपैकी काही असल्यास दिंडीप्रमुखांना आधीच सांगावे. आजार लपवून निघणारा मनुष्य आपल्या निष्ठेची साक्ष देत आहे असे समजतो. वास्तविक तो सहवारकऱ्यांवर न सांगता एक जोखीम टाकीत असतो. सर्व वाट चालणे झेपणार नसेल तर एक-दोन टप्पे चालावेत. आळंदी ते पुणे किंवा वाखरी ते पंढरपूर एवढेच चालणारेही पुष्कळ असतात आणि वारीत त्यांना कोणी उणे लेखीत नाही.

पिशवी भरून झाल्यावर ती स्वतः उचलून इमारतीचे चार मजले चढावी. दम लागला तर त्यातील वस्तू कमी कराव्यात, कारण रोज ती दुसरा कोणी उचलणार आहे. आणि एखादी वस्तू मुद्दाम जास्त घ्यावी, ती आपल्यासाठी नव्हे. एक जादा पांघरूण, मलमपट्टीचे सामान, जे आपणांस हलके वाटेल ते. पालखीतळावर समाज आरतीच्या वेळी हरवलेल्या व सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, तेव्हा ध्यानात येते की या वाटेवर एकाची वस्तू दुसऱ्याच्या हाती सुखरूप राहते. वारीत कोणीही आपले सर्व ओझे एकट्याने वाहत नाही व वाहू शकत नाही. आपले कोण वाहत आहे, एवढे त्याने जाणावे; आणि कोणाचे तरी आपणही वाहावे.

या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर सामानाची यादी करण्यासाठी कोरी जागा सोडली आहे. तिची पहिली ओळ माणसांच्या नावांसाठी राखावी, ही नम्र विनंती.

आपली वारी सुखरूप घडो.

॥ रामकृष्ण हरी ॥